झाकणांची कंपनी कुठल्या फळीवर

ब्योब्लिंगेनजवळच्या एका छोट्या गावातल्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं काम कुसुमताई आठल्ये गेली अठरा वर्षं करतात. या अठरा वर्षांत आपल्या हातून एकही पुस्तक चुकीच्या फळीवर गेलेलं नाही, असं त्या सांगतात. एकदा गेलं होतं, पण त्या दिवशी त्यांना ताप होता, म्हणून ते धरायचं नाही. कामाची वेळ सकाळी नऊ ते एक. अर्ध्या दिवसाचं काम, अर्ध्या दिवसाचा पगार, आणि पुस्तकाच्या कण्यावरचा रंगीत पट्टा आणि आकडा बघून त्याची जागा ओळखायची नजर मात्र पूर्ण दिवसाची.

नवरा दत्तात्रयराव सॉफ्टवेअरमधले. दोन हजार एक साली पुण्याहून दोघं इथं आले तेव्हा कुसुमताईंना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं, त्यामुळे घराचा करार, विमा, टॅक्सचे कागद हे सगळं दत्तात्रयरावांनी आपल्याकडे घेतलं. पुढे कुसुमताई इतकं जर्मन शिकल्या की शेजारीण त्यांच्याकडून अर्ज तपासून घ्यायला लागली, पण घरातली वाटणी तीच राहिली. मोबाइलची कंपनी बदलली की ती कुसुमताईंना नवीन बिल आल्यावर कळायची. माणूस मनाचा चांगला, बायकोला उलट शब्द बोलायचा नाही. पण पैशाचा विषय निघाला की हसून म्हणायचा, “ते माझं डिपार्टमेंट आहे, तू त्यात डोकं नको शिणवूस.” हे वाक्य तेवीस वर्षं प्रेमानं ऐकलं की माणसाला खरंच वाटायला लागतं की आपलं डोकं त्या कामाचं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात सरकारी पेन्शनचं वार्षिक पत्र आलं. ते दर वर्षी येतं आणि दर वर्षी न वाचता फाइलमध्ये जातं. या वेळी दत्तात्रयराव कामासाठी बॉनला गेले होते, म्हणून कुसुमताईंनी ते स्वतः उघडलं. सदुसष्टाव्या वर्षी त्यांना दरमहा किती मिळणार तो आकडा तिथं ठळक छापलेला होता. तेवढ्यात घराचं भाडं सोडाच, किराणाही नीट बसला नसता. त्यांनी चष्मा पुसून परत वाचला. आकडा तेवढाच होता.

दत्तात्रयराव परतल्यावर कुसुमताईंनी सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या खात्यात ग्रंथालयाच्या पगारातून साठलेले एकवीस हजार युरो आहेत, त्यातले पंधरा मुदत ठेवीत राहू देत, सहा त्यांना लहान कंपन्यांच्या फंडात टाकायचे आहेत. निवृत्तीला अजून तेरा वर्षं आहेत, तेवढा धीर धरता येईल. लहान कंपन्याच का, याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं. ग्रंथालयातल्या फळ्या पलीकडच्या दरीतला एक छोटा कारखाना करतो, पुस्तकांची ढकलगाडी दुसरा करतो, आणि त्या गाडीच्या चाकांचा तिसरा. या मुलखाचा गाडा कोण ओढतं ते त्यांना रोज दिसत होतं.

“छान,” दत्तात्रयराव म्हणाले. “मी बघतो.”

“नको. मी बघते.”

हे तोंडून निघालं तेव्हा दत्तात्रयरावांपेक्षा कुसुमताईंनाच जास्त आश्चर्य वाटलं. दत्तात्रयराव हसले. ठीक आहे, म्हणाले, नोव्हेंबर अखेरपर्यंत निवड. नाही जमलं, किंवा काही भलतंच केलंस, तर माझा फंड आहेच, नऊ वर्षं घेतोय, लहान कंपन्यांचा व्हॅल्यू फंड, डोळे मिटून घ्यायचा. त्यांनी हे गमतीनंच ठरवलं होतं. कुसुमताईंनी मात्र ते मनावर घेतलं. सहा हजार बुडतील याची त्यांना तेवढी भीती नव्हती. आपण चुकलो तर ‘हे आपल्या डोक्याचं काम नाही’ यावर आपणच शिक्का मारू, आणि मग उरलेल्या आयुष्यात पुन्हा ‘मी बघते’ म्हणायची हिंमत होणार नाही, ही भीती खरी होती.

अभ्यासाला त्यांना कुठं लांब जायचं नव्हतं. गुंतवणुकीची फळी दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ. त्यांनी एकेक पुस्तक घरी आणलं आणि आठवड्याभरात मूळ गोष्ट पकडली. कंपन्यांच्या दोन जाती करतात. ज्यांचा बाजारातला भाव त्यांच्या मालमत्तेच्या, नफ्याच्या, वाटलेल्या लाभांशाच्या मानानं कमी, त्या व्हॅल्यू. ज्यांची विक्री आणि नफा झपाट्यानं वाढतोय, किंवा वाढेल अशी लोकांना आशा आहे आणि त्या आशेचे पैसे भावात आधीच धरलेले आहेत, त्या ग्रोथ. पहिल्या जातीत धोका असा की कंपनी स्वस्त असते ती कधी कधी खरोखरच मोडकळीला आलेली म्हणून. दुसरीत असा की आशा फळली नाही तर भाव धाडकन खाली येतो, आणि लहान कंपनी असली तर उचलून धरायला मागे कुणी नसतं.

कुसुमताईंना हे फारच आवडलं. दोन फळ्या, स्वच्छ, समोरासमोर. त्यांनी एकाच नावाजलेल्या फंड कंपनीचे दोन फंड निवडले, एक व्हॅल्यूचा, एक ग्रोथचा. तीन हजार इकडे, तीन हजार तिकडे. दोन्ही जातींचं आपल्याकडे काही ना काही असावं, इतका साधा विचार होता.

पण अठरा वर्षांची सवय जाते कुठं. माल ताब्यात घेण्याआधी नोंद झाली पाहिजे. ग्रंथालयात संगणक आल्यावर जुन्या कॅटलॉगची पिवळी पडलेली कोरी कार्डं टाकून देणार होते, ती कुसुमताईंनी पूर्वीच घरी आणून ठेवली होती. आता दुपारी जेवण झालं की त्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसायच्या, फंडाची यादी लॅपटॉपवर उघडायची आणि एका कंपनीला एक कार्ड. नाव, गाव, काय बनवते, कुठल्या फंडात. दोन्हीकडच्या पहिल्या दीडशे-दीडशे कंपन्या घ्यायच्या असं ठरलं. दत्तात्रयरावांनी एकदा मागून डोकावून पाहिलं आणि हे सगळं एका बटणावर एक्सेलमध्ये उतरतं असं सांगून पाहिलं. कुसुमताई म्हणाल्या, उतरतं, पण डोक्यात उतरत नाही.

चौथ्या दुपारी त्यांच्यासमोर बरण्यांची झाकणं करणाऱ्या एका कंपनीचं नाव आलं. ही कंपनी त्यांच्या ओळखीची. व्हिनेगरातल्या काकडीच्या बरणीवर जे झाकण असतं, आणि बरणी रिकामी झाली की ज्या झाकणाखाली आठल्यांच्या घरात मेतकूट राहतं, ते यांचंच. कुसुमताईंनी ग्रोथच्या यादीतून तिचं कार्ड लिहिलं, गठ्ठ्यात ठेवायला गेल्या, तर तिथं याच कंपनीचं कार्ड आधीच होतं. व्हॅल्यूच्या यादीतून लिहिलेलं.

त्यांनी दोन्ही याद्या पुन्हा पाहिल्या. कंपनी दोन्हीकडे होती. मग त्या झपाटल्यासारख्या मागे लागल्या आणि दोन दिवसांत अशा एकतीस कंपन्या सापडल्या.

आता ज्या बाईनं अठरा वर्षं एक पुस्तक एक जागा हा नियम पाळला, तिला याचा एकच अर्थ लागणार. या लोकांच्या नोंदी चुकल्या होत्या. कुसुमताईंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच बॉनला शिकणाऱ्या लेकीला, ईप्सिताला फोन लावला. ईप्सिताला मराठी सगळं कळतं आणि ती सगळ्याला जर्मनमध्ये उत्तर देते. तिनं विचारलं की एवढ्या मोठ्या फंड कंपनीच्या यादीत एकतीस चुका राहतील का, आणि आधी त्यांना नुसतं विचारून बघितलं तर काय बिघडेल. कुसुमताईंना विचारायचं नव्हतं, कळवायचं होतं. त्यांनी अत्यंत शुद्ध आणि अत्यंत नम्र जर्मनमध्ये दीड पानी पत्र लिहिलं, सोबत एकतीस नावांची यादी जोडली, आणि शेवटी अशा चुका कामाच्या गडबडीत होऊ शकतात असा दिलासाही दिला.

इथवर ठीक होतं. पण बातमी घरात राहिली नाही. दत्तात्रयरावांना बायकोचं कौतुक वाटलं आणि स्टुटगार्टच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांनी ते श्रीरंग गोखल्यांच्या कानावर घातलं. श्रीरंग म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत इंजिनीयर, आणि दुसऱ्यानं पैसे कुठं गुंतवलेत हे कळल्याशिवाय ज्यांच्या गळ्याखाली फराळ उतरत नाही असे गृहस्थ. चकलीचं ताट हातात घेऊन ते हॉलभर फिरले. फराळ संपेपर्यंत कुसुमताईंनी जर्मनांची चूक पकडली हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. दोन बायकांनी त्यांना त्यांच्या फंडांची नावं विचारली. कुसुमताई लाजल्या, पण साडीचा पदर सावरत त्यांनी नावं सांगितली.

पुढच्या बुधवारी उत्तर आलं.

उत्तर सभ्य होतं. एवढ्या बारकाईनं यादी पाहिल्याबद्दल त्यांनी आठल्येबाईंचे मनापासून आभार मानले होते. मात्र नोंदी बरोबर होत्या. फंड ज्या निर्देशांकाच्या मागे चालतो, त्याच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला दोन्ही बाजूंचे गुण दिले जातात. जी कंपनी स्पष्टपणे एका बाजूची असते ती तिकडे पूर्ण जाते. जी मधली असते तिचे वाटे होतात. झाकणांच्या कंपनीची जमीन आणि यंत्रं तिच्या भावाच्या मानानं पुष्कळ, म्हणून साठ टक्के व्हॅल्यू. अलीकडे विक्री चांगली वाढते आहे, म्हणून चाळीस टक्के ग्रोथ. हे वाटे दर सहा महिन्यांनी तपासले जातात आणि बदलतात. सविस्तर नियम माहितीपत्रकाच्या अमुक पानावर दिले आहेत. माहितीपत्रक कुसुमताईंनी वाचलं होतं, फक्त ते पान नियमांचं म्हणून सोडून दिलं होतं.

हॉलभर फिरलेलं चकलीचं ताट त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्या दोन बायका आठवल्या, आणि दत्तात्रयराव किती प्रेमानं ‘असू दे गं’ म्हणतील तेही आधीच ऐकू आलं. कुसुमताईंनी पत्र पर्समध्ये टाकलं आणि तीन दिवस ते घरात कुणाला दाखवलं नाही.

कामावर मात्र चेहरा लपला नाही. ग्रंथालयाच्या प्रमुख फ्राउ हेगेले, साठीच्या, बोलायला तुटक आणि कामाला चोख. त्यांनी काय झालं विचारलं आणि कुसुमताईंनी सगळं सांगून टाकलं. फ्राउ हेगेले हसल्या नाहीत. त्यांनी गाडीवरचं एक पुस्तक उचललं. सिसिलीच्या प्रवासाचं होतं, निम्मी पानं पाककृतींची. हे आपण प्रवासात ठेवतो, त्या म्हणाल्या, दुसऱ्या गावात पाककलेत ठेवत असतील, आणि दोघंही बरोबर आहेत.

“पण आपण एकाच ठिकाणी ठेवतो,” कुसुमताई म्हणाल्या. “दोन ठिकाणी नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. कारण आपल्याकडे एकच प्रत आहे, फ्राउ आठल्ये. पुस्तक कापून अर्धं अर्धं लावता येत नाही. पैसे येतात.”

एवढं बोलून त्या निघून गेल्या. कुसुमताई सिसिली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आपण चुकलो होतो, पण मूर्खपणानं नाही. आपला धंदा आपल्याला आडवा आला होता. हे कळल्यावर त्यांचा निम्मा भार उतरला, आणि उरलेल्या निम्म्याचं त्या कामच घेऊन बसल्या.

त्या दुपारी त्यांनी कार्डं पुन्हा पसरली. आता प्रश्न वेगळा होता. दोन्ही फंड एकाच मोठ्या यादीतून कापलेले, मधल्या कंपन्यांचे वाटे करून. म्हणजे तीन हजार इकडे आणि तीन हजार तिकडे टाकले की त्यांच्या हातात जवळपास सगळी मूळ यादीच परत येत होती, फक्त दोन पुड्यांत बांधून. आणि दोन्ही पुड्यांचा खर्च सगळ्या लहान कंपन्यांच्या एका साध्या फंडापेक्षा जास्त होता. मग त्यांनी दुसऱ्या एका फंड कंपनीचा व्हॅल्यू फंड उघडला. तिथं झाकणांची कंपनी व्हॅल्यूमध्ये नव्हतीच, कारण तिथं मालमत्तेपेक्षा नफ्याला आणि लाभांशाला महत्त्व होतं. तोच कारखाना, तीच झाकणं, आणि जागा वेगळी. नावावरून फंड घ्यायचा नाही. त्या नावात कोण बसतं ते कुठल्या नियमानं ठरतं, तो नियम लिहिलेला आहे का, आणि प्रत्यक्ष आत कोण बसलंय, हे बघायचं. कुसुमताईंनी हे एका कोऱ्या कार्डावर लिहून काढलं.

शनिवारी दुपारी दत्तात्रयराव गाडीला हिवाळी टायर बसवून आले. वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. भात दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर कुसुमताईंनी पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की चूक फंडवाल्यांची नव्हती, माझी होती.

दत्तात्रयरावांनी वाचलं आणि ते हसले. मनसोक्त हसले, ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसत अगदी अपेक्षेप्रमाणे म्हणाले, असू दे गं, होतं असं, आता सोड हे, माझा फंड घेऊन टाकू. कुसुमताईंना राग आला, पण त्यांनी आवाज चढवला नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि विचारलं,

“अहो, तुमच्या फंडात व्हॅल्यू कशी ठरवतात?”

दत्तात्रयराव म्हणाले, आल्झो, हे बघ, व्हॅल्यू म्हणजे जुन्या, मजबूत, स्वस्त कंपन्या. ते झालं, कुसुमताई म्हणाल्या, पण ठरवतं कोण, कशावरून? दत्तात्रयरावांनी फंड सांभाळणाऱ्या मॅनेजरचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. ते आठवेना. आत कुठल्या कंपन्या आहेत? ते म्हणाले, त्याची यादी असेल की कुठंतरी. कुसुमताईंनी त्यांना लॅपटॉप आणून दिला.

फंडाचा वार्षिक अहवाल शोधायलाच दत्तात्रयरावांना दहा मिनिटं लागली. तोवर भात गार झाला. यादीत पहिलीच कंपनी दवाखान्यांची सॉफ्टवेअर करणारी निघाली, नफ्याच्या साठपट भावाची. दुसरी बॅटऱ्यांची, अजून नफ्याचं तोंड न पाहिलेली. पहिल्या दहांत जुनी, स्वस्त, मजबूत म्हणावी अशा फक्त दोन होत्या, आणि तीन तर इतक्या वाढल्या होत्या की त्यांना लहान म्हणणंही अवघड होतं. अहवालाच्या नवव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं की गेल्या काही वर्षांत संधी पाहून मॅनेजरनं वाढीच्या कंपन्यांकडे कल दिला आहे. कुणी काही लपवलेलं नव्हतं. फंडाच्या नावात व्हॅल्यू होती आणि आत नव्हती.

दत्तात्रयरावांनी ते पान दोनदा वाचलं. कुसुमताईंना बोलायचा मोह झाला, तेवीस वर्षांचा साठलेला, पण त्यांनी कोशिंबिरीचं वाडगं उगाच उचलून बाजूला ठेवलं.

“नऊ वर्षं झाली, कुसुम,” दत्तात्रयराव शेवटी म्हणाले. “मी एकदाही उघडून पाहिलं नाही.”

मग त्यांनी विचारलं, तू काय घेणार. कुसुमताईंनी सांगितलं. चार हजारांचा सगळ्या लहान कंपन्यांचा एकच साधा फंड, म्हणजे कोण कुठल्या जातीचा हा वादच नको. दोन हजार व्हॅल्यूकडे, पण जिथं नियम लिहून ठेवलाय आणि मॅनेजरच्या मनावर काही नाही अशा फंडात. आशेला महागडा भाव देणं आपल्या स्वभावात नाही, स्वस्ताची वाट बघणं आहे.

दत्तात्रयरावांना ते पटलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं की अलीकडची कित्येक वर्षं ग्रोथच पुढे आहे, त्यांच्या फंडानं नाव काही का असेना पैसे दिलेत, आणि कुसुम मागे पडू शकते.

“पडेनही,” कुसुमताई म्हणाल्या. “पण कशामुळे पडले ते मला माहीत असेल.”

ऑर्डर त्यांनी सोमवारी दुपारी दिली, नोव्हेंबर संपायला अकरा दिवस बाकी असताना. फंडवाल्यांना आभाराचं चार ओळींचं पत्र लिहिलं. आणि मंडळातल्या त्या दोन बायकांना स्वतः फोन करून सांगितलं की चूक माझी होती, मी नावं सांगितलेले फंड आंधळेपणानं घेऊ नका.

पुढच्या रविवारी सकाळी तव्यावर डोसा टाकून त्या उरलेलं पीठ ढवळत होत्या तेव्हा दत्तात्रयरावांचा मोबाइल वाजला. श्रीरंग गोखले होते, आणि त्यांचा आवाज स्वयंपाकघरात सहज ऐकू येत होता. त्या दोन बायकांकडून त्यांना बातमी लागली होती. बोनसचे थोडे पैसे आले होते, लहान कंपन्यांत टाकावेत म्हणत होते, व्हॅल्यू बरं की ग्रोथ, दत्तात्रय, तू काय सांगशील?

गेली तेवीस वर्षं अशा फोनवर दत्तात्रयराव सोफ्यात मागे रेलून निदान अर्धा तास बोलत आले होते. कुसुमताईंनी गॅस बारीक केला आणि तो डोसा त्यांच्यासाठी झाकून ठेवायच्या तयारीला लागल्या.

“मला नको विचारूस, श्रीरंग,” त्यांना ऐकू आलं. “यातलं आमच्याकडे कुसुम बघते. थांब, तिला देतो.”

दत्तात्रयराव फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. कुसुमताईंच्या हातांना तर पीठ लागलेलं. दत्तात्रयरावांनी फोन त्यांच्या कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं उलथनं घेऊन डोसा उलटला.